एका कापातल्या दोघी

चर्चची मंडळी त्यांना पाठीमागे कात्रीबाई म्हणत आणि समोर नुसतं बाई. बाईंना दोन्ही ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. सपातांच्या कारखान्यात उभा जन्म कात्री चालवलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? शिवाय जिभेचाही प्रश्न होताच. पाळकसाहेबांचं प्रवचन लांबलं, की मागच्या बाकावरून बाई जरा लवकरच आणि जरा मोठ्यानेच "आमेन" म्हणत, आणि पाळकसाहेब बिचारे मुकाट्याने शेवटाकडे वळत.

कारखान्यात घरात घालायच्या सपाता बनत. पुरुषांच्या करड्या, बायकांच्या मरून, पोरांच्या निळ्या. त्यासाठी लागे ते फेल्ट, म्हणजे लोकर दाबून दाबून केलेलं जाड कापड. त्याला उलट-सुलट नसतं आणि कापलं तरी कडा उसवत नाहीत. फेल्टची घडी घालायची, वर पुठ्ठ्याचा साचा ठेवायचा, खडूने रेघ ओढायची आणि दोन्ही पदर एकदम कापायचे. एका कापात डावा आणि उजवा. कुणी नवखी बाई एकेरी कापायला लागली, की टेबलाच्या या टोकावरून आवाज येई, "अगं, एका पायाचं गिऱ्हाईक बघून ठेवलंयस का?"

उरलेले तुकडे मुकादम फेकून देई. ते बाईंनी मागून घेतले आणि त्यातून रविवारच्या वर्गासाठी अख्खं इस्राएल कापून काढलं. लाकडी फळ्यावर फ्लॅनेल ताणून बसवलं होतं. त्याच्यावर फेल्टची माणसं नुसती दाबली की चिकटत, उचलली की निघत. त्यामुळे बाईंच्या इस्राएलात सगळे संदेष्टे करडे होते आणि सगळे राजे बायकांच्या सपातांसारखे मरून. गोफणीने लोळवलेल्या राक्षसासाठी सर्वांत मोठ्या मापाचे दोन तळवे एकाखाली एक जोडले होते. पोरं त्याला बघून आधी हसत आणि मग घाबरत.

हाताला घडी घालून कापायचीच सवय. त्यामुळे प्रत्येक माणूस दोन-दोन निघे. मेंढरांचं त्यात भलं झालं, राजांचं मात्र अवघड झालं. पण दोन सुनांच्या गोष्टीला दोघी आयत्याच मिळाल्या. निळ्या फेल्टच्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या, हुबेहूब सारख्या. ओळखू याव्यात म्हणून बाईंनी एकीच्या कमरेला लाल दोरा बांधला. दोऱ्याची ती राहिलेली, बिनदोऱ्याची ती गेलेली. त्यांची सासू मात्र एकटीच होती, कारण करड्या फेल्टचा तो तुकडा घडी घालण्याएवढा नव्हताच. पाठीत वाकलेली ती एकच म्हातारी बाई सगळ्या गोष्टींत वापरत. बाळाला टोपलीत घालून नदीत सोडणारी आई तीच, आणि नवसाचा लेक देवळात देऊन रिकाम्या हाताने परतणारी आईही तीच.

दोन सुनांची गोष्ट बाई दर वर्षी सांगत. दुष्काळ पडला म्हणून इस्राएलातलं एक कुटुंब परक्या मुलखात गेलं. तिथे दोन्ही मुलांची लग्नं झाली, तिथल्याच मुलींशी. मग घरातले पुरुष एकामागून एक वारले आणि सासू गावी परत निघाली. वाटेत ती सुनांना म्हणाली, पोरींनो, आपापल्या आईकडे जा, पुन्हा संसार मांडा. एक सून सासूला बिलगून राहिली. दुसरी गेली.

इथे बाई थांबत. बिनदोऱ्याची सून फळ्यावरून उचलत, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकत आणि झाकण दणकन लावत. अख्खा वर्ग एका सुरात ओरडे, "गेली!" वर्षभरात पोरांना सर्वांत आवडणारी जागा हीच. मग बाई बोट उगारून सांगत, "देव आपल्या माणसांना सोडत नाही. म्हणून आपणही आपल्या माणसाला सोडायचं नाही."

एका वर्षी दोन वेण्यांची एक किडकिडीत मुलगी यावर रडायला लागली. "बाई, डब्यात अंधार असेल. तिला भीती वाटेल. झाकण उघडं ठेवा ना."

"वाटू दे की," बाई म्हणाल्या. "सोडून जाणाऱ्याला भीती वाटायलाच हवी." वर्ग हसला. मुलगी खाली बसली.

पुढे हीच मुलगी बाईंची सून झाली. बाईंचा एकुलता लेक वायरमन होता. हिच्या घरी पंखा बसवायला गेला आणि एका पंख्यासाठी तीन चकरा मारून आला, तेव्हाच बाईंना काय ते कळलं. लग्न झालं. सुनेने सासूला आई म्हणायचा प्रयत्न करून पाहिला, पण लहानपणचं "बाई" काही तोंडातून जाईना. मग तेच राहिलं. दोघांचा संसार असा किती झाला? साध्या तापाचं निमित्त झालं आणि लेक गेला.

तेव्हापासून किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर, दोन खोल्यांत, त्या दोघीच राहत. सकाळी बाई कारखान्यात आणि सून चष्म्याच्या दुकानात. संध्याकाळी चहा, एकीच्या पायाला दुसरीने लावलेलं तेल, मग प्रार्थना. खालून कानसीचा करकर आवाज यायचा थांबला, की जेवायची वेळ झाली असं समजायचं. पाळकसाहेबांनी एकदा व्यासपीठावरून सांगितलं, त्या जुन्या गोष्टीतली सून कुणाला पाहायची असेल तर ती आपल्याच मंडळीत बसली आहे. सगळ्या माना वळल्या. त्या दिवशी बाईंनी आमेन अजिबात घाई न करता म्हटलं. सून मान खाली घालून बसली होती. बाईंना वाटलं, किती ही नम्रता!

मग एके दिवशी बाईंच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला. कारखान्यातून परतताना त्या सुनेच्या दुकानात गेल्या. सून कुणाचा तरी चष्मा घरपोच द्यायला गेली होती. मालकीणबाईंनी स्वतःच बारीक पेचकस काढला.

"तुमची सून म्हणजे सोनं आहे हो," त्या स्क्रू पिळता पिळता म्हणाल्या. "दुसरी असती तर एका पायावर तयार झाली असती."

"कशाला?"

"म्हणजे? तुम्हाला बोलली नाही?" मालकीणबाईंनी जीभ चावली. पण एवढ्यावर थांबणं काही त्यांच्या स्वभावात नव्हतं. "अहो, ते काचा घासायच्या मशीनचे मेकॅनिक, आमच्याकडे दुरुस्तीला यायचे ते. त्यांची बायको वारली चार वर्षांपूर्वी. भला माणूस. आता बंदराच्या गावी बदली झाली त्यांची. जायच्या आधी हिला सरळ विचारलं, लग्न करशील का म्हणून. माझ्यासमोर विचारलं, आडून नाही. आणि हिच्याही मनात आहे, बरं का. मला दिसतं. चष्म्याचं दुकान आहे माझं."

"मग?"

"मग काय, नाही म्हणाली. मी म्हटलं, अगं का? तर म्हणे, बाईंना सोडून गेले तर मी कोण ठरेन?" मालकीणबाईंनी चष्मा बाईंच्या नाकावर बसवला. "कोण ठरेन म्हणजे काय, ते मला काही समजलं नाही. बघा, नीट बसतोय ना?"

बाईंना समजलं. चष्मा नीट बसत होता.

आता खरं सांगायचं तर बाईंना त्या क्षणी वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचा दगड उतरावा तसं, आणि तोही, छातीवर दगड आहे हे कळायच्या आधीच उतरावा तसं. रस्त्याने त्या भराभर चालल्या, सुनेच्या आवडीचे पेरू घेतले, घरी येऊन तिच्या आधी चहा टाकला. प्रार्थनेत त्यांनी देवाचे आभार मानले. कशाबद्दल ते स्पष्ट म्हटलं नाही. सुनेला एका शब्दाने विचारलं नाही. त्या गप्प बसण्याला त्यांनी मनातल्या मनात विश्वास असं नाव दिलं. देवाने जे आपल्याजवळ ठेवलंय, त्यात आपण कशाला नाक खुपसायचं?

पण पाहिलेलं काही न पाहिलेलं होत नाही. सून खिडकीपाशी बसून स्वतःचा चष्मा पुसे. पुसून डोळ्यांसमोर धरी आणि स्वच्छ काच पुन्हा पुसायला घेई. पूर्वी किल्लीवाल्याच्या नकला करून बाईंना हसवणारी ती मुलगी आता विचारलं तेवढंच बोले. पस्तिशीही न गाठलेली बाई, आणि एका खोकणाऱ्या म्हातारीच्या पायाला तेल लावत बसली होती. हे बाईंना पूर्वी दिसत नव्हतं असं नाही. पूर्वी त्याला त्या प्रेम म्हणत. तेही खोटं नव्हतं.

आणि नेमकी येत्या रविवारी दोन सुनांचीच गोष्ट होती.

शनिवारी दुपारी बाईंनी डबा उघडून माणसं पलंगावर मांडली. म्हातारी निघाली. दोन सुना निघाल्या. पण लाल दोरा? दोरा कुजून तुटला होता. डब्याच्या तळाशी त्याचे दोन-तीन लाल कण तेवढे उरले होते. बाईंनी दोघींना उजेडाकडे धरलं, उलटसुलट केलं, चष्मा वर करून जवळून पाहिलं. राहिलेली कोणती आणि गेलेली कोणती, काही केल्या ओळखू येईना. शेवटी एकीवर दुसरी ठेवून पाहिली. पदराचा उतार, हाताचा बाक, पायाशी कात्री जराशी घसरली होती ती खाच, सगळं जिथल्या तिथे जुळलं. जुळणारच. एका घडीत, एका कापात, बाईंच्याच हातून निघालेल्या होत्या त्या.

बाई त्या दोघींना हातात घेऊन पलंगावर बसून राहिल्या. आजवर इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट त्यांनी मनाशी पहिल्यापासून सांगून पाहिली, पोरांसाठी नाही, स्वतःसाठी. जा असं कोण म्हणालं होतं? सासूच म्हणाली होती. एकदा नाही, पुन्हा पुन्हा म्हणाली होती. दोघींना जवळ घेतलं होतं, दोघींना आशीर्वाद दिला होता, दोघी गळ्यात पडून रडल्या होत्या. गेली ती सासूचं ऐकून गेली. तिला कुणी नावं ठेवली नाहीत, सासूने नाही आणि देवानेही नाही. डबा गोष्टीत नव्हताच. डबा बिस्किटांचा होता आणि बाईंचा होता.

आणि ती सासू! नवरा गेलेली, मुलगे गेलेली, पुढे गावात पोचल्यावर, मला आता गोड नावाने हाक मारू नका, कडू म्हणा, असं बायकांना सांगणारी. तिला काय एकटं राहायची हौस होती? तरी आधी तीच जा म्हणाली. निष्ठा, निष्ठा म्हणून बाई ज्या सुनेचं कौतुक करत आल्या, तिच्या आधी त्या म्हातारीने आपली निष्ठा दाखवली होती. आणि नेमकी हीच जागा बाई दर वर्षी एका वाक्यात उरकून टाकत होत्या.

"देवा, हे तू मला आत्ता सांगतोस?" बाई मोठ्याने म्हणाल्या. खाली कानस चालू होती. त्यांना रडू आलं, आणि ते सुनेसाठी नव्हतं. ते स्वतःसाठीच होतं.

रविवारी वर्ग गच्च भरला होता. सून नेहमीसारखी मागे पोरांसाठी पेल्यांत पाणी ओतत होती. बाईंनी दुष्काळ सांगितला, परका मुलूख सांगितला, एकामागून एक पुरुष उचलले. फळ्यावर म्हातारी आणि दोघी उरल्या. पोरं बाक सोडून पुढे सरकली, तोंडं उघडून तयार झाली.

बाईंनी दोघींतली एक उचलली. डब्याकडे हात गेला नाही. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी रात्रीच कापलेलं एक मरून रंगाचं घर दाबून बसवलं आणि तिला त्या घराच्या दारात उभं केलं.

"ही सासूचं ऐकून गेली," त्या म्हणाल्या. "आईच्या घरी गेली, पुन्हा संसार मांडायला गेली. हिने काही वाईट केलं नाही. देवाने हिला डब्यात घातलं नाही. ते मी घालत होते, आणि ते चुकत होतं."

वर्गात चुळबुळ झाली. "मग आम्ही 'गेली' कधी ओरडायचं?" पुढच्या बाकावरच्या एकाने विचारलं. त्याची तर निराशाच झाली होती.

"ओरडायचं नाही. हात हलवायचा. आपलं माणूस गावाला जाताना आपण काय करतो?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी फळ्याच्या कोपऱ्याकडे बघून हात हलवले. मागे पेला भरून पाणी टेबलावरून खाली सांडत होतं. सुनेच्या ते लक्षातच आलं नाही.

घरचा जिना चढल्यावर सून म्हणाली, "मालकीणबाईंनी सांगितलं ना तुम्हाला?"

"हो. त्यांच्या पोटात काही राहतं का? तू जा."

"बाई, मी नाही म्हटलंय त्यांना. तो विषय संपला."

"मग आता हो म्हण. फोन कर. जा तू."

"आणि तुम्हाला असं टाकून? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणायचं ते म्हणतील. ते मीच तर त्यांना शिकवलंय." बाई खुर्चीत बसल्या. "तू लहानपणी रडली होतीस, झाकण उघडं ठेवा म्हणून. मी तुला हसले होते. आठवतं?"

सुनेने चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला. मग म्हणाली, "तुम्हीच चला माझ्याबरोबर. त्यांची ना नसेल. गोष्टीतही दोघी एकत्रच राहतात ना शेवटी?"

हे बाईंनी गृहीत धरलं नव्हतं. क्षणभर त्यांना ते घर दिसलं, समुद्राचा वारा, स्वयंपाकघरात दोघींचा आवाज. हो म्हणायला नुसती मान हलवायची होती.

"नको," त्या म्हणाल्या. "तो माणूस भला आहे, तो नाही म्हणायचा नाही. पण माझा चेहरा माझ्या लेकासारखा आहे. सगळे म्हणतात. रोज जेवताना त्याने समोर तुझा पहिला नवरा कशाला बघायचा? संसार नवा कर, तर पुरता नवा कर. माझं घर आहे, कात्री आहे, आणि पाळकसाहेबांना वेळेवर आमेन म्हणणारं कुणीतरी इथे पाहिजेच. जा. हे तिसऱ्यांदा सांगितलं. गोष्टीतली सासूही यापुढे बोलली नाही."

"गोष्टीत तिसऱ्यांदा ती राहते," सून रडत रडत म्हणाली.

"दोघी होत्या गं," बाई म्हणाल्या. "एक राहिली. एक गेली."

लग्न साधंच झालं. मंडळीतल्या दोन बायका तोंड वाकडं करून आल्या आणि जेवून सरळ तोंडाने गेल्या. बसस्टँडवर सून खिडकीतून हात बाहेर काढून बाईंचा हात धरून होती. गाडी हलली तसा तो सुटला. बाईंनी हात हलवला. पोरांना शिकवला होता तसाच, गाडी वळेपर्यंत.

मग दोन खोल्या फारच मोठ्या झाल्या. हात काही ऐकेना. चहा दोन कप होई. भात दोघींपुरता शिजे. पायाला तेल स्वतःच लावायचं म्हटलं तर टाचेपर्यंत हात पोचत नसे. खाली कानस थांबली, की बाई दाराकडे बघत, आणि मग दार बघितल्याबद्दल स्वतःवरच चिडत. फोन येई, ठरल्या वेळी येई, सून समुद्राबद्दल आणि नव्या दुकानाबद्दल सांगे. तिच्या आवाजात हसू परत आलं होतं. किल्लीवाल्याची नक्कलही तिने एकदा फोनवर केली. बाई खूप हसल्या, आणि फोन ठेवल्यावर घर पहिल्यापेक्षाही गप्प झालं. मी बरं केलं ना, असं त्या प्रार्थनेत विचारत. देव काही बोलत नसे. पण तो उठून गेलाय असंही त्यांना कधी वाटलं नाही. कुणीतरी समोर बसून नुसतं ऐकत असावं, तसं वाटे.

सून गेल्यावरचे पहिले दोन रविवार खोकल्याने गेले. डबा घरीच राहिला आणि वर्ग पाळकसाहेबांच्या बायकोने घेतला. तिसऱ्या रविवारी बाई आल्या. गोष्ट होती नवसाचा लेक देवळात देऊन येणाऱ्या आईची. त्यांनी डबा उघडला आणि करड्या म्हातारीसाठी हात घातला.

म्हातारी नव्हती. बाईंनी डबा टेबलावर उपडा केला. संदेष्टे निघाले, राजे निघाले, मेंढरं निघाली. मग त्या दोघी सुना निघाल्या. दोघींच्या कमरेला नवा लाल दोरा बांधलेला होता. एकीच्याही आणि दुसरीच्याही, बारीक गाठ मारून, चष्म्याच्या बारीक कामाची सवय असलेल्या हाताने बांधलेला.

"बाई, म्हातारी कुठाय?" पोरांनी विचारलं.

बाईंनी दोघींना तळहातावर शेजारी शेजारी ठेवलं आणि दोऱ्याच्या गाठींवरून अंगठा फिरवला.

"ती सुनेबरोबर गेली," त्या म्हणाल्या.

"पण गोष्टीत तर सून सासूबरोबर जाते!"

"हो. आमच्याकडे जरा उलटं झालं."

पुढच्या बाकावरचा तोच पोरगा विचारात पडला. "मग तिथे तिला डब्यात ठेवतात का?"

"ठेवत असतील," बाई म्हणाल्या. "पण ती पोरगी झाकण उघडं ठेवते. लहान होती तेव्हापासून."

मग त्या फळ्यापाशी गेल्या. म्हातारीच्या रिकाम्या जागेशेजारी, जराशा पाठीत वाकून, स्वतःच उभ्या राहिल्या आणि लेकाला देवळात सोडून परत निघालेल्या आईची गोष्ट सांगू लागल्या.